पुठ्ठ्याला नावं ठेवणाऱ्यांना

“एवढी फी भरून आमची मुलं खोकी कापायला येतात का?” ठाण्यात माजिवड्यातल्या एका पालकसभेत हा प्रश्न मला सगळ्यांसमोर विचारला गेला आणि त्यावर टाळ्या पडल्या. विचारणाऱ्या गृहस्थांचा राग खरा होता, टाळ्या वाजवणाऱ्यांचाही. सभेत सविस्तर बोलायला वेळ नव्हता, म्हणून उत्तर इथे देते. प्रश्न एका शाळेपुरता नाही. घोडबंदर रोडच्या दुतर्फा काय किंवा कल्याण-डोंबिवलीत काय, मुलांच्या हातात पुस्तकाऐवजी कात्री दिसली की पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात आणि हाच प्रश्न पुढे येतो.

आधी काम काय होतं ते सांगते. सहावी-सातवीच्या मुलांनी एखादा प्राणी, पक्षी, कीटक किंवा वनस्पती निवडायची आणि तिचं एकच कसब नीट पाहायचं. मग ते कसब माणसाच्या शरीराला यावं म्हणून पुठ्ठ्याची एक जोड बनवायची. पंजा, चोच, कान, पाऊल, पाठीवरचं कवच, काहीही चालेल. साहित्य म्हणजे घरी आलेल्या पार्सलचा पुठ्ठा, सुतळी, स्ट्रॉ, रबरबँड, चिकटपट्टी. विकत काही आणायचं नाही. अट अशी, की जोड अंगावर चढवून आधी जमत नव्हतं असं काहीतरी वर्गासमोर करून दाखवायचं. ती दिसते कशी, याला गुण नाहीत.

‘यात पोर्शन मागे पडतो’ या आक्षेपावर मी फार शब्द खर्च करणार नाही. राज्य मंडळाच्या सहावीच्या सामान्य विज्ञानात अस्थिसंस्था आहे, बल आहे, साधी यंत्रं आहेत, ध्वनी आहे. सातवीत सजीवांच्या अनुकूलनाचा धडा आहे. मुलं त्या आठवड्यात हेच शिकत होती. पुस्तकात हे धडे वेगवेगळ्या महिन्यांत येतात. पंजा करायला बसलं की ते एका बाकावर एकत्र येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तर सहावी ते आठवीच्या टप्प्यात दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं आहे. हे धोरण कुणाला पटो न पटो, पण हाताने करायचं काम म्हणजे अभ्यासक्रमाची चोरी, असं आता कोणत्याही पालकाला म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त विचार करून घेतलेला होता आणि तो एका इंजिनिअर वडिलांचा होता. “आधी संकल्पना पक्क्या होऊ द्या, मग हवं ते करू द्या. पाया नसताना वरवरची नक्कल करून काय मिळणार?” याचं उत्तर वर्गातल्या एका बोटावरून देते.

येऊरच्या डोंगरात बिबट्या आहे, हे आमच्या मुलांना गोष्टीतून नव्हे, शेजार म्हणून माहीत असतं. त्यामुळे पंजे पुष्कळ निघाले. एका गटाने पुठ्ठ्याची बोटाएवढी पट्टी कापली, पेरांच्या जागी तीन घड्या पाडल्या, घड्यांच्या मधल्या भागांवर स्ट्रॉचे तुकडे चिकटवले, त्यांतून सुतळी ओवून टोकाला गाठ मारली. सुतळी ओढली, बोट ताठच राहिलं. पुन्हा ओढली, उलट्या बाजूला कलंडलं. स्ट्रॉ बोटाच्या पाठीवर लावले होते. कुणी काही सांगायच्या आधी त्यातल्या एका मुलीने स्वतःचा हात पालथा केला, उताणा केला, मूठ वळली, आणि दुसऱ्या हाताने कोपराखालचा भाग दाबून धरला. बोट वाकलं की तिथे काहीतरी फुगतं, हे तिच्या लक्षात आलं. बोट वाकवणारे मुख्य स्नायू बोटात नसतातच. ते कोपराखाली असतात आणि बोटापर्यंत येतात त्या नुसत्या दोरीसारख्या कंडरा, तळव्याच्या बाजूने. हे वाक्य मी फळ्यावर लिहून दिलं असतं तर तिने ते वहीत उतरवलं असतं आणि परीक्षेनंतर विसरली असती. आता ते वाक्य तिचं स्वतःचं आहे.

स्ट्रॉ तळव्याच्या बाजूला आले, बोट वाकायला लागलं, पण सुतळी सोडल्यावर परत सरळ होईना. मग पाठीला रबरबँड आला. इथे मी पहिल्यांदा तोंड उघडलं आणि बिबट्याची नखं चालताना का दिसत नाहीत ते विचारलं. बिबट्याची नखं एरवी लवचीक अस्थिबंधामुळे आत ओढलेली राहतात. झडप घालताना स्नायू कंडरा ओढतो आणि ती बाहेर येतात. त्यामुळे ती जमिनीवर घासून बोथट होत नाहीत. मुलांच्या रबरबँडचं आणि त्या अस्थिबंधाचं काम एकाच जातीचं: ओढ थांबली की अवयव आपोआप जागेवर. मुलांनी हे आधी करून घेतलं होतं. नाव मागाहून मिळालं. संकल्पना पक्की होते ती अशी. हातात अडलेलं काम नसेल तर संकल्पनेला टेकायला जागाच मिळत नाही. इंजिनिअर वडिलांनी स्वतःच्या पहिल्या नोकरीतले दिवस आठवावेत. कॉलेजात पाठ केलेलं सूत्र त्यांना कामावरच्या कुठल्या बिघाडाने समजावलं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार.

आणखी एक गट कमळपक्ष्याच्या मागे लागला. हा पक्षी तलावातल्या पानांवरून चालतो, कारण त्याची बोटं शरीराच्या मानाने भलतीच लांब असतात आणि वजन पसरतं. शाळेच्या लांब उडीच्या वाळूत पाय रुतू नये, असं पाऊल मुलांना करायचं होतं. त्यांनी वहीत हिशेब मांडला. मुलाचं वजन ३६ किलो, दोन्ही तळव्यांचं क्षेत्रफळ सुमारे ३०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर १२० ग्रॅम. पुठ्ठ्याचे तळवे ३० बाय ४०चे केले तर क्षेत्रफळ २४०० आणि भार १५ ग्रॅम. कागदावर आठपट फायदा! प्रत्यक्षात पुठ्ठा मधोमध मोडला आणि पाय होता तिथेच रुतला. खोक्याच्या पुठ्ठ्याच्या पोटात नागमोडी कागद असतो. त्याच्या उभ्या रेषांच्या दिशेने पुठ्ठा सहज दुमडतो, आडव्या दिशेने तो तग धरतो. मुलांनी दोन थर एकमेकांवर आडवे-उभे चिकटवले आणि मग तळवा मोडायचा थांबला. प्लायवूडचे थर असेच उलटसुलट बसवलेले असतात. क्षेत्रफळ वाढलं तर दाब कमी होतो, पण ते क्षेत्रफळ ताठ राहिलं तरच, हा ‘तरच’ आमच्या पुस्तकात छापलेला नाही. तो मुलांना वाळूत सापडला.

आता पंखांबद्दल. एक आजोबा मनापासून म्हणाले, “पंख लावून माणूस उडत नाही हे माहीत असून तुम्ही मुलांना खोटी आशा का लावता?” मी पंख करू दिले ते नेमके याचसाठी. पंख बांधून, हात हलवून दमल्यावर मुलं विचारतात, का नाही उडत? आणि तिथून खरं गणित सुरू होतं. शरीर सर्व बाजूंनी दुप्पट केलं तर पंखाचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि वजन आठपट. आज उडू शकणारे सर्वांत जड पक्षी, म्हणजे माळढोकाच्या कुळातले नर, अठरा-वीस किलोच्या घरात थांबतात. सहावीतलं मूल त्याच्या जवळपास दुप्पट वजनाचं, आणि त्याच्या छातीत पक्ष्यासारखे स्नायू नाहीत. स्वतःच्या दुखऱ्या खांद्यांनी मिळालेला नकार हाही निष्कर्षच असतो, आणि विज्ञानात त्याला पूर्ण गुण आहेत.

पंखांची गोष्ट तिथे संपतही नाही. जुलै १८९९ मध्ये अमेरिकेतल्या डेटन गावी, सायकलच्या दुकानात, विल्बर राईट गिऱ्हाइकाशी बोलता बोलता ट्यूबचं रिकामं खोकं हातात पिळत होता. पक्षी पंखांची टोकं पिळून तोल सावरतात, हे त्याने आणि त्याच्या भावाने पाहिलेलं होतं. दोन्ही टोकं उलट दिशांना पिळली तरी खोकं आडवं ताठच राहतं, हे त्याच्या हाताला कळलं, आणि विमानाचे पंख पिळून तोल सांभाळायची युक्ती त्यातून निघाली. १७ डिसेंबर १९०३ ला किटी हॉकजवळच्या वाळूवर त्यांचं यंत्र पहिल्यांदा १२ सेकंद हवेत राहिलं. पक्ष्याचं निरीक्षण आणि पुठ्ठ्याचं खोकं: आमच्या वर्गात होतं तेच साहित्य. ते भाऊ कॉलेजात गेलेले नव्हते, पण हातांना विचार करू द्यायची सवय त्यांना होती.

खरी टक्कर मात्र रोबोटिक्सवाल्यांशी आहे. ‘जग कुठे चाललंय आणि तुम्ही पुठ्ठ्यात अडकलाय, त्यापेक्षा लॅब काढा, किट द्या’, असं म्हणणाऱ्या पालकांचा आवाज आज सर्वांत मोठा आहे आणि शाळांचे व्यवस्थापक त्याच आवाजाला भितात. किटमध्ये काय असतं ते उघडून बघा. आधीच कापलेले, भोकं पाडलेले, एकमेकांत चपखल बसणारे भाग आणि पायरीपायरीची चित्रं. मुलाने चित्राप्रमाणे जोडलं की गाडी चालते, आणि वर्गातल्या सगळ्या गाड्या सारख्याच चालतात. भोक कुठे हवं, चाक केवढं हवं, भाग कुठे कमजोर पडेल, हे सगळे निर्णय दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या कुठल्यातरी शहरात घेऊन टाकलेले असतात. मुलाच्या वाट्याला उरते ती जोडणी. तुमचं मूल पुढे इतरांनी ठरवलेलं जोडणारं व्हावं असं वाटत असेल तर किट जरूर घ्या. मला मुलाने ठरवायला शिकायला हवं आहे. पुठ्ठा काहीच ठरवून देत नाही. तो फक्त चुकीच्या जागी कापला की मोडतो, आणि मोडला की दुसरा तुकडा घ्यायला पैसे लागत नाहीत. हे फुकट असणं फार महत्त्वाचं आहे. महागडं साहित्य मुलाला चुकायची भीती घालतं. मोटर जळली तर सर ओरडतील म्हणून सगळ्यात हुशार मुलगा जोडतो आणि बाकीचे बघत बसतात, हे दृश्य लॅब असलेल्या कोणत्याही शाळेतल्या शिक्षकाला विचारा.

मी विजेच्या तारांविरुद्ध नाही. माझा आग्रह क्रमाचा आहे. आधी सुतळी, मग मोटर. ज्याने सुतळीने बोट वाकवलं आहे त्याला सुतळीच्या जागी मोटर का लावायची ते कळतं, आणि किती ओढ लागेल हेही.

यात आणखी एक गोष्ट आहे, ती सभेत कुणी बोलत नाही. माजिवड्यात जुनं गावठाण आहे, चाळी आहेत आणि चाळीस मजल्यांपर्यंत चढलेल्या इमारतीही आहेत. किट ज्याला परवडतं त्याच्या मुलापाशी असतं. पार्सलचं खोकं मात्र भिवंडीच्या गोदामांतून निघून बाळकुममार्गे रोज प्रत्येक गल्लीत पोचतं. महापालिकेच्या शाळेतलं मूल आणि टॉवरमधलं मूल यांच्यापुढे एकाच दर्जाचं साहित्य ठेवायचं असेल, तर आज पुठ्ठ्याइतकं समान दुसरं काही नाही.

‘भंगार’ हा शब्द सभेत फार सहज वापरला गेला. ठाणेकरांनी तरी तो वापरू नये. जुन्या ठाणे जिल्ह्यात, आधी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी बालशिक्षण उभं केलं ते खडे, बिया, काटक्या, पानं, शिंपले यांवर. माँटेसरीची महागडी साधनं त्या मुलांपर्यंत पोचणार नव्हती, म्हणून त्यांनी रानातून साधनं घडवली. आज देशभर रुळलेल्या अंगणवाडीच्या कल्पनेचं मूळ तिथल्या कामात आहे. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हट्यूब आणि टाकाऊ बाटल्यांतून विज्ञानाची खेळणी केली, आणि या कामासाठी त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. ते आयआयटी कानपूरचे पदवीधर. महागडं साहित्य माहीत नव्हतं म्हणून काही ते काड्यांकडे वळले नाहीत. इकडे मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. तिथल्या संशोधकांनी शहरी आणि ग्रामीण, मराठी आणि इंग्रजी माध्यमांच्या मुलांकडून पिशवी, पवनचक्कीचं चालतं मॉडेल, बाहुल्या अशा वस्तू आधी आराखडा काढून, मग बनवून, मग तपासून घेतल्या आणि त्यातून मुलं विचार कशी करतात याचा अभ्यास केला. एवढी परंपरा दाराशी असताना आपण तिला भंगार म्हणून मोकळे होतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कुणीतरी असंही म्हणालं, की हातपाय धड असलेल्या मुलांना शरीराला जोड कशाला? माजिवड्याच्या गावठाणातल्या एखाद्या आजींना विचारा. टॉवर यायच्या आधी या पट्ट्यात भातखाचरं होती. लावणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवर इरलं असायचं: बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पळसाच्या पानांचे थर, डोक्यापासून कमरेखाली उतरलेलं. छत्री धरली तर एक हात अडतो, आणि लावणीला दोन्ही हात लागतात. शिवाय वाकलेल्या माणसाची पाठ छत्रीखाली भिजतेच. इरल्याने कासवाच्या पाठीसारखं पाणी दोन्हीकडे ओघळायचं आणि हात चिखलात मोकळे राहायचे. ज्याने कुणी ते पहिल्यांदा बांधलं त्याने काम करणारं शरीर किती बारकाईने पाहिलं असेल! आमच्या मुलांना तेवढंच करायचं आहे: शरीर पाहायचं, काम पाहायचं, मग कापायला घ्यायचं.

ज्यांचे हातपाय धड नाहीत त्यांच्यासाठीही पाहणाऱ्या डोळ्यांनीच काम केलं. जयपूर फूट १९६८ च्या सुमारास आकाराला आला तो डॉ. प्रमोद करण सेठी आणि फारसं शालेय शिक्षण नसलेले कारागीर रामचंद्र शर्मा यांच्या एकत्र कामातून. परदेशी पद्धतीच्या कृत्रिम पायाने मांडी घालता येत नव्हती, उकिडवं बसता येत नव्हतं, अनवाणी शेतात उतरता येत नव्हतं. त्यांनी आपल्या माणसांचा पाऊल टाकण्याचा, बसण्याचा ढंग पाहिला आणि रबर-लाकडातून पाय घडवला. अशी नजर विसाव्या वर्षी एकदम येत नाही. ती अकराव्या-बाराव्या वर्षी, मोडलेल्या पुठ्ठ्यासमोर बसून यायला लागते.

एका गटाने घुबडाचे कान केले होते. गव्हाणी घुबडाचं एक कर्णरंध्र दुसऱ्यापेक्षा वर असतं. त्यामुळे आवाज वरून येतो की खालून तेही त्याला कळतं. मुलांनी पुठ्ठ्याचे दोन शंकू, एक वर एक खाली, कानांना बांधले आणि खिडकीशी उभी राहिली. कुजबुज मोठी ऐकू आली, पण नाक्यावरचे हॉर्नही तितकेच मोठे झाले. आवाज वाढवणं सोपं, हवा तो निवडणं अवघड, हे त्यांना पाच मिनिटांत कळलं. श्रवणयंत्र बनवणारे आजही याच प्रश्नाशी झगडतात.

पण या उपक्रमाचं वाटोळं करणारे सगळे आमच्याविरुद्धच्या बाकांवर बसत नाहीत. काही आमच्याच बाजूला आहेत, आणि त्यांच्याबद्दल गप्प राहिले तर हा प्रतिवाद अर्धा राहील. काही शाळा हे काम प्रदर्शनासाठी करतात. मग पुठ्ठ्यावर चकमक येते, रोहित पक्ष्याच्या चोचीला गुलाबी रंग येतो आणि पाहुण्यांसाठी फोटो निघतात. ती चोच पाण्यात बुडवून काही गाळता येतं का, हे कुणी विचारत नाही. ठाण्याच्या खाडीत हजारोंनी उतरणारा रोहित मान उलटी करून चिखलपाण्यातून शेवाळ आणि बारीक जीव गाळून घेतो. चोचीच्या कडेच्या दातेरी जाळीचं ते काम. गुलाबी रंग त्याला त्या खाण्यातूनच येतो. रंग घेतला आणि जाळी सोडली, तर मुलाला सोंग मिळतं. सोंगाला मी कमी लेखत नाही. जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात मुखवटे चढवून देव नाचवले जातात, ती श्रद्धेची आणि कारागिरीची मोठी गोष्ट आहे. पण विज्ञानाच्या तासाला जोड अंगावर चढवायची ती काम करून दाखवायला. ज्या शाळेला हे करायचं नसेल तिने हा उपक्रम घेऊ नये, आणि त्या शाळेच्या पालकांनी जरूर तक्रार करावी. त्या तक्रारीवर मीही सही करेन.

आणि पालकहो, तुम्ही. स्टेशनरीच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतात आणि ते खपतात, म्हणजे कुणीतरी घेतं. रात्री मूल झोपल्यावर आई-बाबा सुबक पंजा कापून ठेवतात, सकाळी मूल तो घेऊन येतं आणि सुतळी कुठल्या बाजूने का ओवली हे त्याला सांगता येत नाही. अशा वेळी मुलाची मान खाली जाते. ती मी पाहिली आहे. ज्या मुलाचा वेडावाकडा पंजा तीनदा मोडून चौथ्यांदा पेन्सिल उचलतो, त्याच्या चेहऱ्याशी ती मान ताडून पाहा आणि मग ठरवा, फी कशासाठी भरायची.

म्हणून एवढंच मागते. प्रदर्शनाच्या दिवशी नाही आलात तरी चालेल. चाचणीच्या दिवशी या, मागच्या बाकावर बसा, मुलं आपल्या जोडी वाळूत, पाण्यात, खिडकीशी तपासत असतील ते पाहा. तुमच्या मुलाची जोड मोडली तर उठून मदतीला धावू नका. आणि पुढचं पार्सल आलं की खोकं फाडून रद्दीवाल्याला देण्याआधी मुलाला विचारा, हवंय का.